लेझर नागपुरातच राहू द्या, तपासणी तालुक्याला आणा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की विदर्भातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांत एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, चष्मा निघन का?" विचारणारा पोट्टा एकोणीस-वीस वर्षांचा. वर्षभर पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारलेले, गोळा पक्का बसलेला, पेपरचीही तयारी झालेली. आता आडवा येणार तो मायनस दीडचा नंबर. शेजारी बाप उभा असतो. कापसाच्या पैशांतले काही बाजूला ठेवल्याचे तो दोनदा सांगतो. दोघांनाही हो किंवा नाही, एवढेच ऐकायचे असते.

ते उत्तर द्यायला लेझर लागत नाही. लागतात चार-पाच तपासण्या. त्यातल्या निम्म्या ग्रामीण रुग्णालयात आहे त्या सामानावर होऊ शकतात, उरलेल्यांसाठी जिल्ह्याला एक यंत्र पुरते. म्हणून "प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चष्मा घालवायचे लेझर बसवा" अशी मागणी कानावर आली की मान डोलावण्याआधी थांबावेसे वाटते. लेझर नागपुरात असले, फार तर अमरावती-अकोल्याला असले, तरी बिघडत नाही. गडचिरोली, यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याला हवी आहे ती "तुझ्या डोळ्यावर हे करायचे नाही" असे वेळेवर, फुकट आणि घराजवळ सांगणारी सोय. आणि ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांच्या डोळ्यांत पुढचे सहा महिने कोणीतरी बॅटरी मारून पाहील अशी सोय.

हे का, ते कळण्यासाठी ऑपरेशनात नेमके काय होते ते पाहावे लागेल.

लघुदृष्टीचा, म्हणजे मायनस नंबराचा, डोळा बहुधा लांबीला जास्त असतो. एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच-तीन नंबर चढतो. लेझर त्या लांबीला हातही लावत नाही. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखी जी पारदर्शक चकती असते, कॉर्निया, तिचा मधला भाग ते थोडा चपटा करते. डोळ्याच्या साठेक डायॉप्टर (नंबर मोजायचे एकक) ताकदीपैकी त्रेचाळीसच्या आसपास ताकद एकट्या कॉर्नियाची असते, म्हणून तिथे केसाच्या जाडीएवढा फरक केला तरी चष्मा उतरतो. त्यासाठी वापरतात ते एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटरचे, अतिनील. ते ऊतक जाळत नाही, रेणूंचे बंध तोडते. मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत हे दाखवले, तेही थँक्सगिव्हिंगच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर. टेबलावर पडलेल्या माणसाला जळक्या केसांसारखा वास येतो आणि तो घाबरतो. डोळा जळत नाहीये, हे त्याला आधी सांगून ठेवलेले बरे.

लॅसिकमध्ये भूल फक्त थेंबांची. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेचा चिमटा लावतात, डोळ्यावर सक्शनची रिंग बसते आणि काही सेकंद सगळे अंधारून येते. मग कॉर्नियाचा वरचा पातळ थर, शंभर-एकशेदहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), गोल कापून बिजागरीसारखा एका बाजूला उलटतात. याला फ्लॅप म्हणतात. उघड्या पडलेल्या भागावर लेझर चालते, मायनस चारपाचला सेकंदांचाच मामला. खालची जागा धुऊन फ्लॅप परत बसवतात, टाका नाही. पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो. वरची त्वचा, सुमारे पन्नास मायक्रॉन, पातळ अल्कोहोलने सैल करून काढतात आणि थेट लेझर करतात. त्वचा भरून येईपर्यंत चार-पाच दिवस डोळ्यावर मलमपट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स. तीन दिवस डोळा चांगलाच ठणकतो. तिसरी पद्धत स्माइल. तीत आतल्या आत एक भिंग कोरून दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर ओढतात.

आता हिशेब. कॉर्निया मधोमध सरासरी पाचशे वीस ते पाचशे पन्नास मायक्रॉन जाड. साडेसहा मिलिमीटर रुंदीच्या भागावर लेझर करायचे तर एका नंबरामागे साधारण चौदा मायक्रॉन जातात. सूत्र सोपे आहे: नंबर गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले तीन. एकाची कॉर्निया ५३० मायक्रॉन आणि नंबर मायनस सहा असेल तर लेझरचे ८५ गेले, फ्लॅपचे ११० गेले, खाली ३३५ उरले. ठीक. दुसऱ्याची ४९५ मायक्रॉन आणि नंबर मायनस आठ. लेझरचे ११३, फ्लॅपचे ११०, उरले २७२. खाली किमान अडीचशे उरावेत या जुन्या नियमात हा बसतो. पण एकूण जाडीच्या पंचेचाळीस टक्के भागाची ताकद गेली, आणि चाळीसच्या वर जाऊ नये असे आज बहुतेक सर्जन धरतात. इथे एक पळवाट निघते: रुंदी सहा मिलिमीटर करा, म्हणजे सतराएक मायक्रॉन वाचतात. वाचतात खरे, तरी टक्का चाळीसच्या थोडा वरच राहतो. आणि वीस वर्षांच्या पोराची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. मग समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याभोवती त्याला कडे दिसते. रात्रपाळीच्या बंदोबस्ताला जाणाऱ्या माणसाला आपण काय देऊन बसलो, हे त्याला नोकरी लागल्यावर कळणार. अशा डोळ्याला उत्तर "नाही" हेच, किंवा डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स, जिचा खर्च ऐकूनच बाप उठतो.

जाडी मात्र अर्धीच गोष्ट. त्याहून मोठा धोका आकाराचा.

केराटोकोनस नावाच्या विकारात कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते. सुरुवात वयात येताना होते, आणि सुरुवातीला तो साध्या चष्म्याच्या नंबरासारखाच दिसतो. अशा कॉर्नियावर लेझर केले तर उरलीसुरली ताकद जाते आणि ती फुगत जाते. याला एक्टेशिया म्हणतात. ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांनी नंबर परत येतो, तो चष्म्याने भागत नाही, एकाची दोन अक्षरे दिसतात. मग रायबोफ्लेविनचे थेंब टाकून अतिनील प्रकाशात क्रॉसलिंकिंग करावे लागते. ते फुगणे थांबवते, गेलेली नजर आणत नाही. पुढे कडक कॉन्टॅक्ट लेन्स, आणि फारच झाले तर कॉर्निया बदलणे.

डोळे चोळण्याचा आणि केराटोकोनसचा संबंध घट्ट आहे. विदर्भात चोळायला कारणे कमी नाहीत. सोयाबीन थ्रेशरमधून निघताना उडणारे कुटार, तुरीच्या खळ्यावरची भुकटी, भंडारा-गोंदियाकडे धानाचा भुसा, एप्रिल-मेमधली कोरडी धुळकट वावटळ. उन्हाळा लागला की डोळ्यांना खाज सुटणारी ॲलर्जी शाळकरी मुलांत नेहमीची: पांढऱ्या भागावर मातकट झाक, दोऱ्यासारखा चिकट स्राव, आणि तर्जनीच्या पेराने डोळ्याचा कोपरा गरागरा चोळणारा मुलगा. त्याच्या आईला विचारले तर ती म्हणते, "लहानपणापासूनच सवय हाये." त्या एका वाक्यावर फाईलवर लाल खूण व्हायला हवी. लेझरच्या मोफत शिबिरात हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तिथे नंबर, वय आणि मोबाइल क्रमांक एवढेच रकाने असतात.

केराटोकोनस ओळखायचे यंत्र म्हणजे कॉर्नियाचा नकाशा काढणारे टोपोग्राफी. चांगले यंत्र कॉर्नियाची मागची बाजूही मोजते, आणि फुगवट्याची पहिली चाहूल बहुधा तिथेच लागते. पण हे यंत्र नसतानाही बरेच कळते. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याकडे रेटिनोस्कोप असतो. त्याचा प्रकाश बाहुलीवर फिरवताना आतली सावली सरळ न सरकता कैचीच्या पात्यांसारखी उघडझाप करत असेल, तर डोळा संशयित. सिलेंडरचा, म्हणजे असमान बाकाचा, नंबर दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर संशयित. पूर्ण नंबर लावूनही शेवटची ओळ वाचता येत नसेल, आणि पडदा-मोतीबिंदू यांत काही सापडत नसेल, तर संशयित. यातल्या कशालाच रुपया लागत नाही. लागतो तो माणूस, ज्याचे पद भरलेले आहे आणि ज्याला मोतीबिंदूचे उद्दिष्ट गाठण्यापलीकडे हे करायला वेळ आहे.

नंबर काढणे हीच जिथे धड होत नाही अशी गोष्ट आहे, हे सांगायला संकोच वाटतो, पण ते खरे आहे. गावाकडचा नंबर बहुतेकदा चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर निघतो. तरुण डोळा त्या यंत्रात पाहताना आतले भिंग आवळून बसतो आणि मायनस नंबर फुगतो. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल पाहणाऱ्यांत हे जास्तच. सायक्लोपेंटोलेटचे थेंब टाकून, आतला स्नायू सैल करून पाऊण तासाने नंबर काढला, की मायनस पाऊणचा शून्य झालेला दिसू शकतो. अशा मुलावर लेझर केले तर त्याला प्लसचा नंबर भेट मिळेल. चाळिशीपर्यंत तो कसाबसा निभावेल, पुढे लांबचेही आणि जवळचेही चष्म्याशिवाय दिसणार नाही.

नंबर स्थिर असल्याचा पुरावाही लागतो: वर्षभरात अर्ध्या डायॉप्टरच्या वर बदल नको. डॉक्टर जुने कागद मागतात, आणि जुने कागद कोणाकडे नसतात; पावसात भिजले, घर बदलताना गेले. एक उपाय सोपा आहे आणि फारसा कोणी सांगत नाही. घरातले जुने चष्मे घेऊन या. काडी मोडलेला, काच तडकलेला, धाकट्याने खेळायला नेलेला, कसाही चालेल. लेन्सोमीटरवर ठेवला की दोन मिनिटांत त्यातला नंबर वाचता येतो. तो चष्मा नववीत घेतला की बारावीत, एवढे आईला आठवले तरी पुरते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीआधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे काढून ठेवायची असते, नाहीतर कॉर्नियाचा आकार लेन्सच्या दाबाखालचाच मोजला जातो.

या सगळ्या तपासण्या नागपूरला होतातच, मग तिथेच जाऊ द्या, असे कोणी म्हणेल. अडचण अशी, की नागपूरला पोचेपर्यंत निम्मा निर्णय झालेला असतो. सिरोंचाहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीने रात्र काढून, पैसे कंबरेला बांधून, गावात सांगून आलेल्या माणसाला "नाही" हा शब्द ऐकवत नाही. त्याला तो पटतही नाही. तो दुसऱ्या दारात जातो, आणि कुठल्या तरी दारात "हो" मिळते. दोन्ही डोळ्यांचे पंचवीस-तीस हजारांपासून लाखाच्या वर घेणाऱ्या या धंद्यात नकाराला भाव नसतो. ज्या दिवशी डॉक्टर नाही म्हणतो त्या दिवशी त्याच्या यंत्राचा हप्ता निघत नाही. बरेच सर्जन तरीही नाही म्हणतात, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण सार्वजनिक व्यवस्था एखाद्याच्या सचोटीच्या भरवशावर सोडता येत नाही. नाही म्हणणाऱ्याचा पगार ऑपरेशनच्या संख्येवर ठरत नसावा, हाच सरकारी तपासणीमागचा साधा विचार.

भरतीच्या नियमांबद्दलचे अज्ञान तर महागात पडते. रेल्वेत सहायक लोको पायलटच्या पदाला लॅसिक किंवा नंबर घालवणारी दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरतो. चष्म्याविना ६/६ दिसत असले तरी. लष्कराच्या अधिकारी-प्रवेशाच्या वैद्यकीय निकषांत लॅसिक किंवा पीआरकेला काही पदांसाठी वाट ठेवली आहे, पण अटींसह: शस्त्रक्रियेच्या वेळी वय वीसच्या वर, त्यानंतर किमान बारा महिने झालेले, कॉर्निया ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नको, डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरच्या आत, उरलेला नंबर एकच्या वर नको, पडदा निरोगी. म्हणजे ज्याची कॉर्निया मुळात ५१० आहे आणि नंबर मायनस पाच, त्याचे लेझर वैद्यकीयदृष्ट्या उत्तम झाले तरी उरलेल्या जाडीवर तो लष्करात नापास होऊ शकतो. लेखी आणि मेडिकल यांच्यामधल्या दोन महिन्यांत घाईने लेझर मारून घेणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते. लपवून चालेल, असा सल्ला अकॅडमीतली पोरे एकमेकांना देतात. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, फ्लॅपची कड वर्षांनंतरही दिसते, आणि टोपोग्राफीत चपटा झालेला मधला भाग कोणालाही ओळखू येतो.

म्हणून भरतीच्या प्रत्येक जाहिरातीत, मराठीत, ठळक अक्षरांत दोन ओळी हव्यात: या पदाला लेझर चालते का, आणि चालत असेल तर कोणते, किती वयानंतर, किती महिन्यांआधी. आज ते इंग्रजी परिशिष्टाच्या कुठल्या तरी पानावर असते. त्याहून मूळचा प्रश्न असा, की चष्मा लावून शेवटची ओळ वाचणारा माणूस कार्यालयातल्या किंवा वाहतुकीच्या कामाला का नको? इंजिन चालवणाऱ्याला किंवा जंगलात गस्त घालणाऱ्याला कडक निकष समजू शकतो. घामाने, पावसाने, झटापटीत चष्मा पडतो. पण जिथे तो निकष केवळ परंपरेने चालत आला आहे तिथे तो धडधाकट पोरांना टेबलावर झोपवतो आहे. केवळ मेडिकलच्या खोलीतली पाच मिनिटे पार पडावीत म्हणून कॉर्नियाचे ऐंशी मायक्रॉन कायमचे द्यावे लागणे, हा व्यवहार काही बरा नाही.

भरतीनंतरचे दुसरे कारण लग्न. मुलगी पाहायला आलेल्यांसमोर चष्मा काढून ठेवायचा, आणि ते नेहमीचे झाले की लेझर करून टाकायचे. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नंबर हलतो, त्या काळात लेझर करत नाहीत, एवढे तरी मुलीच्या घरच्यांना ठाऊक हवे. बाकी त्या चष्म्याचा इलाज डोळ्यांच्या दवाखान्यात नाही.

समजा, सगळे जुळले आणि ऑपरेशन झाले. पुढच्या तपासण्या ठरलेल्या: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. पहिली होते, कारण माणूस नागपुरातच कोणाकडे तरी थांबलेला असतो. दुसरीपासून गळती. दिसायला लागले, मग चारशे रुपये भाडे आणि एक दिवसाची मजुरी कशाला घालवायची? फ्लॅपखाली सूज येते, जी पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होते. ती फार दुखत नाही, फक्त धुरकट दिसते, आणि नवीन डोळ्याला असेच दिसत असेल असे माणूस धरून चालतो. वेळेत स्टेरॉइडचे थेंब वाढवले तर ती विरते. जास्तच असेल तर फ्लॅप उचलून खाली धुवावे लागते, आणि त्याला तासांचा हिशेब असतो.

पीआरकेचे उलटे आहे. तिथे स्टेरॉइडचे थेंब एक ते तीन महिने उतरत्या क्रमाने टाकायचे असतात. उतरवणारा कोणी जवळ नसेल तर माणूस गावच्या मेडिकलमधून तीच बाटली आणत राहतो. काहींच्या डोळ्यांचा दाब स्टेरॉइडने वाढतो, दुखत काहीच नाही, आणि काचबिंदू होऊन बसतो. वर लेझरनंतर कॉर्निया पातळ झालेली असल्याने दाब मोजण्याचे यंत्र खरा आकडा कमीच दाखवते. दाब मोजायचे साधन उपजिल्हा रुग्णालयात असते. त्या माणसाला तिथे पाठवायचे, आणि तिथल्या माणसाला "याचे पीआरके झाले आहे, आकडा जसाच्या तसा धरू नकोस" हे सांगायचे, एवढी एक चिठ्ठी आज नाही.

शेतकऱ्याच्या पोराला कुठली पद्धत बरी, यावर मत द्यायचे तर फ्लॅप नसलेली. फ्लॅप कडेने चिकटतो, पण मूळच्या ताकदीने कधीच जुळत नाही. पऱ्हाटीची काडी, बैलाचे शिंग, कबड्डीत लागलेले बोट यांनी तो काही वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. पण पीआरकेलाही इथे किंमत आहे. ताज्या कॉर्नियावर उन्हातली अतिनील किरणे पडली तर पांढुरकी झाक येण्याचा धोका वाढतो, म्हणून मायटोमायसिन लावतात आणि बाहेर पडताना काही महिने गॉगल बंधनकारक. नवतप्यात शेचाळीस अंशांत ढोरे चारणाऱ्याने गॉगल लावावा हे कागदावर छान दिसते. लोक हसतात, आणि गॉगल खिशात जातो.

मग कधी करावे? उन्हाळा बाद. ऑक्टोबरात सोयाबीनचे कुटार. पावसाळ्यात धूळ बसलेली असते, पण फवारणी चालू, आणि डोळे येण्याची साथही तेव्हाच. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर साथ आली तेव्हा बुलढाण्यात रुग्ण भरपूर होते. त्यातल्या त्यात डिसेंबर बरा, ज्याच्या घरी कापूस वेचायला दुसरे हात आहेत त्याला. महिनाभर विहिरीत उडी नाही, आठवडाभर डोक्यावरून पाणी नाही, डोळा खाजला तर थेंब टाकायचा, पेर लावायचे नाही. खरे तर हे वेळापत्रक सर्जनच्या भिंतीवर लावलेले असायला हवे. तिथे असते ते सवलतीचे पोस्टर, मे महिन्याचे, कारण सुट्ट्या तेव्हाच लागतात.

आता लेझर जिल्ह्याला का नको. यंत्र काही कोटींचे आहे, हे एक. पण खरी अडचण त्याच्या नखऱ्यांची. खोली अठरा ते चोवीस अंशांत आणि आर्द्रता तीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास बारा महिने ठेवावी लागते. खोली कोरडी पडली की कॉर्नियातले पाणी उडते आणि तेच लेझर जास्त खोल जाते; दमट झाली की कमी. मे महिन्यात बाहेरची हवा पापडासारखी कोरडी आणि ऑगस्टमध्ये भिंतींना ओल, अशा आपल्या हवेत हे एसी आणि न खंडणारी वीज यांच्याच जिवावर चालते. आरगॉन-फ्लोराइडचा वायू भरावा लागतो, दर सत्राआधी चाचणीच्या पट्टीवर मारून ताकद जुळवावी लागते, आरसे धुळीने मंद होतात, अभियंता मुंबईहून यावा लागतो. ज्या रुग्णालयांत साधी यंत्रे देखभालीच्या कराराअभावी प्लास्टिकखाली झाकून पडतात, तिथे हे यंत्र फीत कापल्याच्या दुसऱ्या वर्षी काय करेल ते सांगायला ज्योतिषी नको. शिवाय आठवड्याला दोन डोळे करणाऱ्या हातापेक्षा दिवसाला दहा करणारा हात बरा. टोपोग्राफीला यातले काही लागत नाही. टेबल, वीज, हनुवटी टेकवायची पट्टी आणि शिकवलेला तंत्रज्ञ. नकाशा फोटोसारखा नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला पाठवता येतो, आणि वाचणारा तिथून सांगू शकतो. त्याच यंत्रावर दहावी-बारावीतले केराटोकोनसही सापडतील, ज्यांना लेझरची नव्हे, क्रॉसलिंकिंगची घाई आहे. माझ्या मते यंत्र घ्यायला तेवढे एक कारण पुरेसे आहे.

"म्हणजे पैसेवाल्याचा चष्मा जाणार आणि आमच्या पोराने लावूनच फिरायचे?" हा आक्षेप खोटा नाही. पैशाची दरी आहेच. आरोग्यविम्याच्या नियमांत साडेसातपेक्षा कमी नंबराच्या लेझरचा खर्च वगळलेला आहे, म्हणजे बहुतेकांना खिशातूनच द्यावे लागते. मायनस सात-आठचा नंबर असलेल्या शेतमजुराला चष्मा हरवला की बारा-चौदा सेंटिमीटरपलीकडे धूसर दिसते. त्याच्यासाठी ही चैन नाही, आणि योग्य तपासणीनंतर अशांचा खर्च सरकारने उचलावा, हे मान्यच. पण मायनस दीडवाल्याला हातभरापर्यंत, म्हणजे पासष्ट-सत्तर सेंटिमीटरपर्यंत, स्वच्छ दिसते. त्याला दोन चांगले चष्मे, न फुटणाऱ्या काचेचे, मागून पट्टा असलेले, हे लेझरच्या खर्चाच्या विसाव्या हिश्श्यात होते. कुटार आणि फवारणीपासून डोळे वाचतात ते वेगळेच. शिलाई किंवा सोनारकाम करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने तर मायनस अडीच जपून ठेवावा. चष्मा काढला की त्याला सुई ओवता येते. लेझरनंतर त्याच सुईला जवळचा चष्मा लागेल.

राहिला कागद. लेझर झालेला आजचा वीस वर्षांचा मुलगा आणखी चाळीस वर्षांनी मोतीबिंदूच्या शिबिरात जाईल. तिथे कॉर्नियाचा बाक मोजून आत बसवायच्या लेन्सची ताकद काढतात. चपटी केलेली कॉर्निया त्या सूत्राला फसवते. लेन्स कमी ताकदीची निघते, आणि मोतीबिंदू काढल्यावर माणूस दोन-तीन प्लसचा चष्मा घेऊन घरी जातो. हे टाळायचे तर लेझरआधीचा नंबर, कॉर्नियाची दोन वक्रता-मोजमापे, जाडी, किती मायक्रॉन काढले, पद्धत कोणती आणि तारीख, एवढ्या सहा नोंदी लागतात. एका पोस्टकार्डावर मावतील. लेझर करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने ते छापील कार्डावर, सही-शिक्क्यासह दिलेच पाहिजेत असा नियम राज्य सरकार काढू शकते, त्याला यंत्र नको की अनुदान नको. पडदा तपासायला वर्षातून एकदा जाताना तेच कार्ड दाखवायचे, कारण नंबर गेला तरी डोळा आतून लांबच राहतो आणि ताणलेला पडदा फाटण्याचा धोका तसाच असतो: अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक, एका बाजूने सावली, यातले काही दिसले तर त्याच दिवशी. कार्ड ठेवायची जागाही ठरलेली असावी. सातबारा जिथे ठेवता, त्याच पिशवीत.